पोटझाकणी

परभणी,
३ फेब्रुवारी २०२६

चि. भागवत,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नको. माझा नंबर तू बंद करून ठेवलास. तुझ्या बायकोच्या फोनवर केला तर ती "राँग नंबर" म्हणते, तेही माझा आवाज चांगला ओळखून. मग राहिला पोस्टमन. तो अजून तरी माणूस बघून पत्र टाकत नाही.

भांडायला लिहीत नाही. ते पावणेदोन वर्षांपूर्वी पोटभर झालं. आज सल्ला विचारायचा आहे, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही, हे मला स्वतःलाच आवडलेलं नाही.

काल नागनाथ आला होता. नाटकातल्या आम्हा बायकांची कामं तोच ठरवतो. जत्रेला गावातले गडी महिनाभर तालीम करून नाटक बसवतात, पण बाई मागवतात परभणी-नांदेडहून. दुपारी पोचायचं, गड्यांबरोबर एक तालीम करायची, रात्री त्यांच्यापैकी कुणाची तरी बायको व्हायचं आणि सकाळच्या गाडीनं परत यायचं. तुला हे काय सांगायचं म्हणा. आपले आप्पा जन्मभर राणीसावरगावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. विंगेत पुस्तक त्यांच्या हातात आणि बॅटरी माझ्या.

तर नागनाथ म्हणाला, "अक्का, शिवरातीच्या दुसऱ्या दिवसाची सुपारी घेतली. तुमचंच नाव घेऊन मागितलंय त्यांनी. गाव चुडावा."

मी विचारलं, "हीरो कोण?"

"दिनकरराव म्हणून हायत. वीस वर्सं तेच हीरो. दुसऱ्याला हूच देत न्हाईत."

भागवत, माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. दिनकरराव म्हणजे आपल्या अर्पिताचे सासरे. माझे व्याही. आणि नाटकात मी त्यांची बायको.

त्यांच्या घरी मी कैलासवासी आहे. लग्नपत्रिकेत तू तसं छापलंस. माझ्या नावामागं "कै.", अर्पिताच्या बापाच्या, महारुद्रच्या नावामागं "कै.", जोडीनं दोघं वर बसलेलो. महारुद्र खरंच गेला, उसाच्या ट्रॉलीखाली. मी मात्र पत्रिका छापली त्याच आठवड्यात जिंतूरकडं एका जत्रेत नाचत होते आणि तिथल्या बॅनरवर माझ्या राणी ह्या नाटकातल्या नावामागं "कु." होतं. सत्तेचाळीस वर्षांची कुमारी. आम्हा सगळ्यांनाच कुमारी लिहितात, त्याशिवाय तिकीट फाटत नाही म्हणे. एकाच आठवड्यात माणूस कुमारी आणि कैलासवासी दोन्ही असल्याचं तू कधी ऐकलंस का?

जाऊ की नको, तेवढं कळव. न गेले तर नागनाथ पुढची कामं देणार नाही, ते मी बघून घेईन. गेले आणि कुणी ओळखलं तर पोरीचं काय? तिला सातवा लागला असं कानावर आहे. सोनपेठचं स्थळ कसं मोडलं ते तू विसरला नाहीस. "आई तोंडाला रंग लावती" एवढ्या एका वाक्यावर ठरलेली सुपारी परत गेली होती.

उत्तराची वाट बघते.

अक्का


परभणी,
१० फेब्रुवारी

चि. भागवत,

उत्तर नाही. बरं. तू लहानपणापासूनच असा. आंब्यावरून पडलास तेव्हाही हात मोडल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलंस.

मी हातपाय मारून बघितले. माझ्याऐवजी दुसरी पाठवावी म्हणून चौघींना विचारलं. पण शिवरात्रीला मराठवाड्यात बाई मोकळी सापडणं म्हणजे दिवाळीला न्हावी मोकळा सापडण्यासारखं. नागनाथ तर म्हणाला, "त्यांना तुमीच पायजे. दुसरी आली तर परत धाडू म्हनत्यात." इतकं माझं नाव कधी झालं?

म्हणजे जायचं आहे. पण भीती त्या घरातल्या बाईची वाटते. विहीणबाई, रुख्मिणी. तिनं मला बघितलेलं आहे.

हे तुला कधी सांगितलं नाही. मी लग्नाला आले होते. मंगल कार्यालयात शेवटच्या रांगेत, नवऱ्याकडच्या बायकांत बसले होते. कुणी विचारलं तर "परभणीहून आले" म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. अक्षता टाकल्या. जेवलेसुद्धा, तुझ्या पंगतीत, तुझ्याच हातची जिलबी. तू वाढत होतास आणि ताटाकडं बघत होतास, माणसाकडं नाही.

मग रुख्मिणीबाई ताटात साडी घेऊन आल्या. पोटझाकणी. ज्या पोटानं पोरगी दिली ते झाकायला नवऱ्याकडून पोरीच्या आईला देतात ती. हिरवी होती, तांबड्या काठांची. मी पंधरा हातांवर. त्या म्हणाल्या, "आई न्हाई तर मामीला द्या." आणि भागवत, तुझ्या बायकोनं, दगडाबाईनं, हात मागं घेतला. म्हणाली, "मी वाढीवली, पर ती आईची असती. मला नगं." जिनं मला सहा वेळा राँग नंबर म्हटलं, तीच. तेव्हा पदर तोंडात कोंबून मी बाहेर पळाले. दारात रुख्मिणीबाईंशीच टक्कर झाली. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बाई नजरेची पक्की आहे.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला आणि "तू मला जिती जाळलंस" म्हणाले. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

आता ठरवलं आहे. रंग जाड लावीन. केसांचा टोप घालीन. बायकांच्या बाजूला बघणारच नाही. पोरगी समोर बसली असली तरी नाही. ती तुझ्या घरी वाढली ती पंधरा वर्षं तिला वर्षातून एकदा गंगाखेडच्या बस स्टँडवर चहापुरती भेटले. उठताना मागं वळून बघायचं नाही, असं आमचं ठरलेलं असायचं. तेवढी सवय आहे मला.

अक्का


चुडावा रेल्वे स्टेशन,
१७ फेब्रुवारी, सकाळ

भागवत,

गाडी सव्वा तास उशिरा आहे. बाकावर बसून लिहिते. मांडीवर एक पिशवी आहे, तिच्यात काय आहे ते शेवटी सांगेन. तू अधीर असतोस, पण मधली पानं सोडू नको.

काल दुपारी पोचले. शाळेच्या वर्गात तालीम होती. दिनकरराव आले. उंच, मिशा पिळदार, बोलणं एकदम साधं. ते दारातून आत आले आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. पदर घेतला मी! नाटक शहरातल्या कुटुंबाचं, नवरा कारकून, बायको नोकरीवाली, आणि ती नवऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून उभी. व्याह्यासमोर पदर न घेता उभी राहू कशी? मन म्हणत होतं घेऊ नको, हात ऐकत नव्हता.

"म्याडम, हितं मी तुमचा हात धरतो," ते म्हणाले.

"नको."

"अवो पुस्तकात लिवलंय."

"लांबून बोलू. मधी टेबल ठेवा."

त्यांनी टेबल ठेवलं. मग शेवटचा अंक आला. त्यात ते बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून मरतात. मी म्हणाले, मांडी नको, उशी घेऊ. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला.

"म्याडम, वीस वर्सं झाली, मी मांडीवरच मरायलोय. लोकायला सवय हाय."

"यंदा उशीवर मरा."

"आमच्याकडून काई चुकलं का?" बिचाऱ्यांनी हळूच विचारलं. मला लाज वाटली. इतका सरळ माणूस, आणि मी त्यांना कळू न देता त्यांची अब्रू राखायला धडपडत होते. उद्या कळलं असतं की आपण भर गावात विहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर त्या माणसानं पुन्हा तोंडाला रंग लावला नसता.

मधेच चहा आला. थर्मास घेऊन स्वतः रुख्मिणीबाई. मी पाठ फिरवून पुस्तकात तोंड घातलं. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी टाकलीय. तुमाला कमीच लागती न्हवं?"

मी हो म्हणाले. ह्यांना कुणी सांगितलं? नागनाथला फोन लावला, लागेना. बॅग उचलून स्टेशन गाठावं असं दोनदा मनात आलं. पण सुपारी घेतलेली. आप्पा म्हणायचे, सुपारी घेतली की ताप असला तरी उभं राहायचं. राहिले.

नाटक नऊला सुरू झालं. दोन अंक मी टेबलाच्या पलीकडून संसार केला. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, कुणी तरी ओरडलं, "दिनकरराव, बायकू रुसलीय, जाऊ द्या माहेरी!" तिसऱ्या अंकात मरायची वेळ आली. ते भूमिकेत इतके शिरले होते की सरळ मांडीकडंच कलंडले. मी झटकन उशी पुढं सरकवली. डोकं उशीवर आपटलं. "आई गं" म्हणून मेले. पुस्तकात "आई गं" नाही. लोकांना ते इतकं खरं वाटलं की टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडला. आता कमिटीचा अध्यक्ष येऊन शाल-श्रीफळ देईल, की सुटले, असं म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. पडदा पुन्हा वर गेला. पण पायऱ्या चढून आल्या रुख्मिणीबाई. आणि मागं, एक हात कमरेवर टेकवून, सावकाश, आपली अर्पिता.

मला पळता आलं नाही रे. झालं, म्हटलं. भर गावात पोरीचा संसार मोडायला ह्या बाईनं मला पैसे देऊन बोलावलं.

रुख्मिणीबाईंनी अध्यक्षाच्या हातातला माईक घेतला. म्हणाल्या, "ह्या बाईला समदे राणी म्हनत्यात. तिचं नाव शिवकन्या हाय. माझ्या सुनंची आई. माझी ईन. आमच्या पोराच्या लग्नात हिची पोटझाकणी राहिली व्हती, ती म्या आज देऊलालेव."

एवढंच. भाषण नाही, काही नाही. ताटात तीच साडी, हिरवी, तांबड्या काठांची. पावणेदोन वर्षं पेटीत ठेवली होती.

मागं दिनकरराव उठून बसले होते. नाटकातल्या खोट्या पिकल्या दाढीची एका कानाकडची दोरी सुटून लोंबत होती. ते पुटपुटले, "आरं देवा. म्हंजे मी इहिणीच्या मांडीवर..."

"नाही ओ," मी म्हणाले, "उशीवर."

आणि मग गाव जे हसलं! दिनकररावांनी दाढी ओढून काढली, दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढं इतके वाकले की मला रडूच आलं. अर्पितानं साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि "आई" म्हणाली. मोठ्यानं. गंगाखेडच्या स्टँडवर ती मला कुजबुजत आई म्हणायची, आजूबाजूला बघून. मला चाळीस नाटकं पाठ आहेत, पण त्या वेळी तोंडातून शब्द निघेना. तर विंगेतला म्हातारा प्रॉम्प्टर, सवयीनं, हळूच म्हणतो कसा, "बोला... बोला..." क्षणभर वाटलं आप्पाच आहेत. मी पोरीला पोटाशी धरलं. मधे तिचं पोट. तेही लाथ मारत होतं.

आता तुझ्या मनातलं उत्तर देते. त्यांना कसं कळलं? गेल्या पितृपक्षात रुख्मिणीबाईंनी सुनेला विचारलं, तुझ्या आईची तिथी कोणती, आपण तिच्या नावानं पान वाढू. अर्पिता काही सांगेना. त्यांनी आपल्या मनानं नवमीला पान वाढलं, तर ही पोरगी त्या पानावर आडवी पडून रडली, "वाढू नका, माझी आई जिती हाय." मग सगळं सांगितलं तिनं. साखर कमी लागते तेसुद्धा. रुख्मिणीबाई तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सकाळी त्यांच्या चुलीपाशी बसले होते तेव्हा मी विचारलं, राग कशाचा आला होता? म्हणाल्या, "खोटं बोलल्याचा. धंद्याचा कसला राग? माझा नवरा वीस वर्सं तोंडाला रंग लावायलाय, मी कुनाला नावं ठिवू?"

"मग फोन करायचा नाही का? केवढं हे नाटक!"

"फोन केला असता तर तुमी पळून गेल्या असत्या. लग्नात पळाल्याच की माझ्या अंगावरून. ह्ये म्हनत्यात, सुपारी घेतलेला कलाकार मेला तरी येतो. म्हनलं, बघू."

"आणि व्याह्यांना का नाही सांगितलं?"

"समदं पाठांतर इसरले असते."

मग त्यांनी विचारलं, पत्रिकेत "कै." लिहायची बुद्धी कुणाची. भागवत, अर्पिता समोर होती. मी खरं तेच सांगितलं. तू त्या दिवशी छापखान्यातून फोन केला होतास. "अक्का, आईच्या नावाचं काय करू?" तुझा आवाज चिरकत होता. आणि मी चिडून म्हणाले होते, "मेली म्हणून लिही, म्हणजे सोनपेठसारखं व्हायचं नाही." तू तीनदा विचारलंस, मी तीनदा तेच म्हणाले. पुढं छापलेलं डोळ्यांनी बघितलं आणि सोसलं नाही, म्हणून सगळं तुझ्या माथी मारलं. पावणेदोन वर्षं मी लोकांना सांगत होते की भावानं मला जिती जाळलं. सरण मीच रचलं होतं. पंधरा वर्षं तू माझं लेकरू पोटच्या पोरीसारखं वाढवलंस आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास. माझं चुकलं रे. हे तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तू तोंड दाखवत नाहीस.

रुख्मिणीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भागवतरावाला म्हनावं येऊन जा. खोटं लिवल्याबद्दल एक येळ उपाशी ठिवीन आन् मग पुरणाचं वाढीन."

पिशवीत साडी आहे. गाडी आली. मला फार हलकं वाटतंय. रात्री पुढची सुपारी आहे, तिथं मी कुणाच्याही मांडीवर मरायला तयार आहे.

तुझी अक्का


परभणी,
१४ मार्च

भागवत,

काल तुझा फोन आला. आधी तू नुसता खोकलास. तंबाखू सोडली नाहीस हे त्यावरूनच कळलं.

मग म्हणालास की चुडाव्याला जाऊन आलास. रुख्मिणीबाईंनी तुला खरंच दुपारपर्यंत उपाशी ठेवलं आणि दिनकरराव तुला चोरून शेंगदाणे देत होते, हे ऐकून मी एकटीच खोलीत हसले. अर्पिताला नववा लागायच्या आत घेऊन येणार, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, हेही सांगितलंस. मी हो हो म्हणत होते. मनात मात्र वाटत होतं, माझ्याकडं ही एक खोली, वर नाटकाच्या पेट्या. बाळंतीण ठेवणार कुठं? तिचं माहेर म्हणजे तुझंच घर. आणि त्या घराचा उंबरा मी पंधरा वर्षांत ओलांडला नाही. तू ये म्हणाला नाहीस, मी येऊ का विचारलं नाही.

मग तू पुन्हा खोकलास आणि म्हणालास, "अक्का, दगडा इचारायलीय. आतल्या खोलीत बाज एक टाकू का दोन?"

मी फोन कट केला. तुला वाटलं असेल रेंज गेली. रेंज होती. माझाच आवाज गेला होता, आणि मागं "बोला बोला" म्हणायला विंगेत कुणी नव्हतं.

रात्रभर उत्तर घोळवलं. लांबलचक. त्यात आप्पा होते, महारुद्र होता, तुझी माफी होती. सकाळी नागनाथला सांगून आले की एप्रिल-मेच्या सुपाऱ्या घेऊ नको, मी माहेरी चालले आहे. तो म्हणाला, "अक्का, ह्या वयात?" मी म्हणाले, होय, ह्याच वयात.

साडीला फॉल लावून घेतला आहे. ती नेसूनच येईन. दगडाबाईला तेवढं सांग, आता राँग नंबर म्हणू नकोस, आणि मंगल कार्यालयात तिनं हात मागं घेतला ते मी बघितलं होतं.

बाकी लांबलचक उत्तर तिथं आल्यावर, अंगणात बसून. तिच्या प्रश्नाचं आत्ता देते.

दोन.

अक्का